नमुन्याबरहुकूम टॅब्लेट

१७ नोव्हेंबर २००२, सकाळी ७.१०
आजपासून अभ्यास. म्हणजे अभ्यासाची तयारी. एम.ए. अर्थशास्त्र, बहिस्थ विद्यार्थी, दुसरं वर्ष, तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा मी नापास झालो असं घरात बोललं जातं. ते अर्धवट सत्य आहे. पहिल्यांदा पेपर फार अवघड होता, दुसऱ्यांदा फार सोपा. सोप्या पेपरात विचार करणाऱ्या माणसाचा घात होतो.
गावात नवीन कॉलेज निघालंय. अध्यक्ष सुंदरराव यांनी आमच्या अप्पांना शब्द दिलाय: जुलैपासून अर्थशास्त्राची एक जागा, तासिका तत्त्वावर. एम.ए.ला पंचावन्न टक्के दाखवा, ऑर्डर न्या. अप्पा म्हणाले, मल्लिनाथ, आता एकतीस वर्सांचा झालास. ह्या खेपेला जमलं न्हाई तर मोंढ्यात आडतीवर माज्या शेजारी बसायचं, पुन्यांदा पुस्तकाचं नाव काढायचं न्हाई.
मी तुरीच्या पोत्यांत जन्म काढणार नाही. प्राध्यापक होणार म्हणजे होणार.

१९ नोव्हेंबर
पेपरात बातमी! टॅब्लेट कॉम्प्युटर निघालाय. पाटीएवढा. डाव्या हातात धरायचा, उजव्या हातानं काचेवर पेननं लिहायचं, आत सगळं साठून राहतं. परदेशात एम.ए. करणारे आता ह्यावरच अभ्यास करतात म्हणे.
वाचून अंगावर काटा आला. मी दोन वर्षं वहीत लिहीत बसलो! नापास का झालो, ते आज कळलं.
संकल्प: टॅब्लेट येईपर्यंत वहीला हात लावायचा नाही. एकदा वहीत आणि एकदा टॅब्लेटमध्ये, अशी डबल मेहनत कोण करील?
सगळ्या वह्या रुद्राणीला देऊन टाकल्या. रुद्राणी म्हणजे माझी बायको. गेल्या वर्षी माझी पुस्तकं धूळ खात पडली म्हणून तिनं सहज फॉर्म भरला आणि पहिलं वर्ष पास झाली. यंदा आम्ही एकाच वर्गात. बिचारीला जुनीच पद्धत माहीत आहे. चालू दे.

२ डिसेंबर
वीरेश माझा मित्र. कॉम्प्युटर क्लास चालवतो. त्याला विचारलं, कोणता टॅब्लेट घ्यावा? तो म्हणाला, बे, एम.ए.ला पुस्तकं लागतात, टॅब्लेट कावून लागतोय? मी म्हणालो, तू ज्या धंद्यात आहेस त्याला तूच नावं ठेवतोस. तो म्हणाला, नावं न्हाई ठेवत, परीक्षा एप्रिलात हाय म्हनून सांगतोय.
दूरदृष्टी नाही. असे लोक परळीतच राहतात.

५ डिसेंबर
अप्पांना सांगितलं. पैशाचं काहीच म्हणाले नाहीत, मीच गार पडलो. फक्त एवढंच म्हणाले, नमुना दाव.
मोंढ्याचा कायदा आहे हा. तूर असो, सरकी असो, मूठभर नमुना हातात घेतल्याशिवाय कुणी सौदा करत नाही. आणि मागून आलेला माल नमुन्यासारखा नसेल तर गाडी तशीच परत. आजोबांपासून असंच चालत आलंय.
मुंबईच्या तीन कंपन्यांना पत्रं लिहिली. कृपया टॅब्लेटचा एकेक नमुना पाठवावा, पसंत पडल्यास मागणी कळवू. रुद्राणीनं शुद्धलेखन तपासून दिलं. हसत होती. कशाला, ते विचारलं नाही.

३० डिसेंबर
तिन्ही पत्रांना उत्तर आलं! नमुना नाही, पण रंगीत माहितीपत्रकं आलीत. लांबी, रुंदी, जाडी, वजन, सगळं छापलेलं.
तिथंच डोक्यात आलं. मापं हातात आहेत आणि गावात उत्तरेश्वर सुतार आहे. मग अडलंय कुठं?

८ जानेवारी २००३
तीन नमुने तयार. प्लायवूडचे. ए, बी आणि सी. काय काम केलंय उत्तरेश्वरनं! सीला बिजागरी लावलीय, कारण त्याचा कीबोर्ड उघडतो. वजन जुळेना तर आतून लोखंडी पट्टी ठोकली आणि आडतीच्या काट्यावर ग्रॅमला ग्रॅम बसवलं. पडद्याच्या जागी माहितीपत्रकातलं चित्र चिकटवलं. पेनाच्या जागी सरकीच्या तेलाच्या डब्यावरची सळई घासून दिली.
अप्पांनी हातात घेऊन टकटक वाजवलं. म्हणाले, प्लाय चांगला हाय.
आता पद्धतशीर निवड. एकेक नमुना पंधरा दिवस वापरायचा, मग निर्णय. घाईत घेतलेली वस्तू आयुष्यभर नडते.

११ जानेवारी
ए हातात धरून पहिल्या पेपराचा अभ्यास. म्हणजे पुस्तक आणलं नाही, पण बैठक जमवली. दहा मिनिटांत डावा दंड भरून आला.
अप्पा रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसतात, पाऊण तास हात हालत नाही. विचारलं, हे कसं जमतं? म्हणाले, नऊ वर्सांचा असल्यापास्नं रोज बसतोय. मी पण रोज बसायचं ठरवलं. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस.
आई (नीलाबाई) म्हणाली, पूजेला बसायला सांगून सांगून थकले, आन् आता लाकूड धरून बसलंय.

२३ जानेवारी
खांदा धरलाय. रुद्राणीनं तेल लावून दिलं. लावता लावता समवृत्ती वक्र पाठ म्हणत होती. मी म्हणालो, हळू म्हण, खांद्याला त्रास होतो.

१४ फेब्रुवारी
बीचा पंधरवडा संपला. ए हलका आहे पण कोपरे टोचतात. बी हाताला गोड आहे. सी राहिलाय. मन बीकडं ओढतंय, पण सीवर अन्याय नको.
सी सापडत नव्हता. आईनं पापडाच्या पिठावर दाबण म्हणून ठेवला होता. बिजागरीत उडीद गेलाय. आता ती साफ झाल्याशिवाय सीचे पंधरा दिवस सुरू करता येणार नाहीत. ह्या घरात कोण शिकू शकेल?

१ मार्च, महाशिवरात्र
वैद्यनाथाची जत्रा. घर पाव्हण्यांनी भरलंय, अभ्यासाचं नाव नको. पाव्हण्यांना तिन्ही नमुने दाखवले. लई नवल वाटलं त्यांना. मामानं विचारलं, चालू कसा करायचा? मी म्हणालो, हा चालत नाही, हा नमुना आहे. मामा म्हणाला, मंग चालतो तो कसा दिसतो? मी म्हणालो, हुबेहूब असाच. मामा म्हणाला, मंग हाच वापर की.
रुद्राणी दिसली नाही. वरच्या खोलीत दार लावून वाचत होती म्हणे. पाव्हणे आले असताना! आईनंच आतून कडी लावायला सांगितली, हे त्याहून नवल.

१२ मार्च
निवड झाली. बी. बैठकीत जाहीर केलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण अप्पा म्हणाले, सौदा पक्का. औरंगाबादेत एका दुकानात हाच टॅब्लेट येणार आहे असं वीरेशनं फोन करून काढलं.
परीक्षा ७ एप्रिलला. सव्वीस दिवस म्हणजे रगड झाले. टॅब्लेटवर स्पीड वाढतो.

२१ मार्च
औरंगाबादला अप्पा आणि मी. अप्पांच्या पिशवीत बी, वर टॉवेल, खाली ताणकाटा.
दुकानदारानं डबा उघडला. काय सांगू! काळा, चकचकीत. पेन लावलं की काचेवर रेघ उठते. मी माझं नाव लिहिलं: प्रा. मल्लिनाथ. डोळे भरून आले.
अप्पांनी पिशवीतून बी काढून शेजारी ठेवला. काटा काढला. टॅब्लेट पिशवीत घालून काट्याला टांगला तेव्हा दुकानदार ओरडला. अप्पांनी लक्ष दिलं नाही. दीडशे ग्रॅम जास्त भरला. कोपराही आमच्या बीसारखा नव्हता, गोल होता.
अप्पा म्हणाले, माल नमुन्याबरहुकूम न्हाई. दुकानदार म्हणाला, अहो, नमुना तुम्हीच बनवलाय ना? अप्पा म्हणाले, मंग? सौदा नमुन्यावरच झालाय.
दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. अप्पांनीही बघितलं. पैसे अप्पांच्या कोपरीच्या खिशात होते, मी फक्त हो म्हणायचं होतं. मी टॅब्लेट डाव्या हातात धरला. खरंच जड लागत होता. अडीच महिन्यांची सवय असलेला हात आहे हा, खोटं कसं बोलणार? म्हणालो, बीची सर नाही.
परतीच्या बसमध्ये अप्पांनी पहिल्यांदा पाठीवर थाप मारली. म्हणाले, आज मला पोरगं व्यापारी वाटलं. बीडपर्यंत छाती फुगलेली होती. बीडच्या पुढं आठवलं, आपल्याला प्राध्यापक व्हायचंय.

२२ मार्च
हरकत नाही. सोळा दिवस आहेत. वहीनं करू. महापुरुषांनी वहीनंच केलं.
वह्या रुद्राणीकडं. मागितल्या तर म्हणाली, सगळ्या भरल्या. सतरा वह्या! वर म्हणाली, बसा, मी समजावून सांगते. आता नवऱ्यानं बायकोसमोर बसायचं? खांद्याचं कारण सांगितलं.

७ एप्रिल
पहिला पेपर. प्रश्न पहिला: ग्राहक निवड कशी करतो, सोदाहरण स्पष्ट करा.
देव आहे! बारा पानं लिहिली. ए, बी, सी, कोपरे, वजन, बिजागरी, औरंगाबाद. तीन तास पुरले नाहीत, बाकीचे प्रश्न राहिले. पण असं उदाहरण महाराष्ट्रात कुणी दिलं नसणार.
रुद्राणीचा नंबर पुढच्या बाकावर होता. पुरवण्या मागत होती. घरी विचारलं, पहिला प्रश्न कसा गेला? म्हणाली, दोन पानांत संपवला, बाकीचे चार लिहायचे होते. तिची काळजी वाटली.

२० जून
निकाल. रुद्राणी एकसष्ट टक्के.
माझा नंबर वर्तमानपत्रात नाही. वीरेशनं दोनदा बघितला, मी अकरा वेळा. पहिल्या पेपरात चौदा मार्क असल्याचं नंतर कळलं.
वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, लई वाईट वाटलं. दुपारी जेवलो नाही. रुद्राणी पेढे न वाटता तशीच बसून होती, तेही बघवेना. शेवटी मीच म्हणालो, वाट की.
पण जागा माझी आहे. सुंदररावांनी शब्द दिलाय.

२४ जून
अप्पा आणि मी सुंदररावांकडं गेलतो. मला वाटलं, अप्पा माझ्यासाठी मुदत मागतील. अप्पा म्हणाले, तुमी शबुद आमच्या घराला दिलता. घरात एम.ए. झालंय. सुंदरराव हसले, म्हणाले, मग सूनबाईला पाठवा.
मी बोलायला तोंड उघडलं. अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जड होता हात.

१ जुलै, सकाळी ११
रुद्राणीला स्कूटरवरून कॉलेजात सोडलं. नवी साडी, हातात पर्स. रस्ताभर घाबरली होती. म्हणाली, पोरं हसली तर? मी म्हणालो, हसू देत, तू शिकव. एवढं मात्र मनापासून म्हणालो.
फाटकातून गाडी आत घ्यायला लागलो तर शिपायानं हात आडवा केला. म्हणाला, म्याडम, तुमी जावा. तुमी थांबा सायेब, आत फक्त स्टाफ. ती एकदा मागं वळून बघून गेली.
मी तिथंच उभा. शिपायानं विचारलं, तुमचं शिक्षण? मी म्हणालो, एम.ए. चालू आहे. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष.
तो म्हणाला, माजं बी. आन् परवा ऑर्डर न्यायला आल्या तवा म्याडमनं नोट्स देते म्हनून कबूल केलंय.