नवमीच्या आत वाळायला हवा

बुध., १० सप्टें.
नळाला पाणी येण्याआधी हवा येते, तिचा आवाज. सूंऽऽ, मग दोन उचक्या, मग धार. लहानपणी आई नळ उघडाच टाकून पडायची. तो आवाज झाला की उठून हंडा लावायची. कालपासून दुरुस्तीसाठी पाणी बंद होतं, म्हणून आज दुपारी मीही स्वयंपाकघरातला नळ तसाच उघडा ठेवून लवंडलो. आवाज येईलच म्हटलं. कानातलं यंत्र मात्र काढून ठेवलेलं.
उठून पाय खाली टाकले ते पाण्यात. सिंकमध्ये भांडी, जाळीवर भात. तिथून लोट थेट हॉलमध्ये. गालिचा पार भिजला. मुलानेच, अजितने, पुण्याहून आणलेला, माझे पाय फरशीवर गार पडतात म्हणून.
सोमवारी अविधवा नवमी. हिचं श्राद्ध. अजित येणार.
श्रावणात गॅस चालू राहिला होता तेव्हा म्हणाला होता, "आता एकदा जरी असं झालं, तर हे घर बंद. माझ्याकडे यायचं, बाबा." ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्याकडे बाराव्या मजल्यावर मी

गुरु., ११
भांडीवाली सविता आली. दोघांनी उचलायला घेतला, हलेना. म्हणे, "बाबा, ह्यो गालिचा नाय, म्हैस हाय." ओढत ओढत गॅलरीत नेला. पायांनी तुडवून पाणी काढलं. लघु डावा पाय, गुरू उजवा, पुन्हा गुरू. भुजंगप्रयात. सातवीत गुरुजी बाकांमधून असंच चालवायचे, चुकलं की पुन्हा दारापासून. सविता बघत राहिली, मग तीही चढली. तिच्या गावी, हरसूलकडे, भातलावणीला चिखल असाच तुडवतात.
अजितदादाला सांगू नकोस म्हटलं.
"मी व्हऊन नाय सांगणार. पण त्यांनी विचारलं तर खोटं बी नाय बोलणार."
बरोबर आहे तिचं.

शुक्र., १२
ऊन नाही. दिवसभर मळभ. गालिचा कठड्यावर. संध्याकाळी हात फिरवला, कोरडा लागला. वॉचमनच्या मदतीने आत आणून अंथरला. जागच्या जागी. पाऊल टाकलं, जुनी ओळख पटावी तसं वाटलं.
अजितचा फोन. सगळं ठीक ना? ठीक म्हटलं. हा शब्द इतका सहज कसा आला.

शनि., १३
पहाटेच वास. ओल्या गोणपाटाचा. सविताने कोपरा उलटला तर खालचा ताग चिंब, फरशी काळी. तिने चांगलंच सुनावलं: वरून वाळला म्हणून कोणी अंथरतं का, धान्य तरी असं पोत्यात भरतात का. चार खुर्च्यांवर आडवा पसरून दिला, खाली पंखा लावला. मी समोर बसून. राखण.
हिचा फोटो समोरच. जुनं पाठ्यपुस्तक काढलं, कविता मोठ्याने म्हणाव्यात म्हणून. दोन कडव्यांनंतर मन लागेना. अजित चुकीचं बोलला नव्हता. या वेळी पाणी होतं. पुन्हा गॅस असता तर

रवि., १४
मधला भाग अजून गार लागतो. उद्या सकाळी अजित.
अकराला बेल. सविता असेल म्हणून दार उघडलं, तर सूनबाई. स्वाती. एकटी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, ती या घरी एकटी कधी आली नव्हती. हातात पिशवी. वड्यांचं पीठ, आमसुलं. श्राद्धाचा स्वयंपाक तुमच्या अंगावर कशाला, म्हणून आदल्या दिवशी आले, म्हणाली. मग तिचं लक्ष हॉलकडे गेलं. खुर्च्या, पंखा, गालिचा.
मी म्हटलं, नळ माझ्याकडून उघडा राहिला.
तिने पिशवी ठेवली, गालिच्याखाली हात घालून मधोमध चाचपलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. अजित. पोचले, भेटले बाबा, एवढंच बोलली नि ठेवला.
"मधे ओल आहे, बाबा. गॅलरीत ऊन आलंय, धरा ते टोक." मी वाकलो. ती दुसऱ्या टोकाला. उचलता उचलता म्हणाली, "अजितला तुम्ही सांगता, की मी सांगू?"
गालिचा अजून जड होता. दोघं मधेच थांबलो.