पहिला क्रमांक : विद्युत-मिश्रक दुरुस्ती

३ एप्रिल, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. छोट्या दुकानदारांना इंटरनेटवर गिऱ्हाइकांच्या नजरेस आणून देणे हा माझा नवा व्यवसाय. छापखान्यात बावीस वर्षे मुद्रिते तपासली. छापखाना बंद पडला, नजर शाबूत आहे. हे शास्त्र चार महिन्यांत स्वतःच शिकलो. क्लास नाही, गुरू नाही. एकशे चौदा व्हिडिओ पाहिले, तीन वह्या भरल्या (समास सोडून).

पहिला क्लायंट घरचाच, बायकोचा धाकटा भाऊ. मिक्सर, इस्त्री, पंखे रिपेर करतो. रस्ता रुंद करताना त्याचे हमरस्त्यावरचे दुकान गेले. बदल्यात मागच्या गल्लीत गाळा मिळाला. तो तिथे बसतो हे तो स्वतः आणि समोरचा सायकलवाला सोडून कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या गावच्या पंख्यांच्या कारखान्याने त्याला नोकरी देऊ केली आहे. तीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचे. हो म्हटले तर दुकान बंद आणि आईसकट बिऱ्हाड तिकडे.

बायको म्हणाली, माझं माहेर आठ तासांवर जाईल हो. तुम्हाला खरंच जमणार आहे ना?

त्यातला ‘ना’ अनावश्यक होता.

५ एप्रिल

नावावरून मेहुण्याशी दीड तास चर्चा. पाटीवर त्याने ‘मिक्सर रिपेर’ लिहिले आहे. मी विचारले, मिक्सर हा काय मराठी शब्द आहे? तो म्हणाला, भाऊजी, मराठी असो नसो, बिघडतो तो मिक्सरच. शेवटी माझेच ठरले : ‘घरगुती विद्युत-मिश्रक दुरुस्ती केंद्र’. इस्त्री राहू दिली. शब्द परका असला तरी रुळला आहे. मी काही हटवादी नाही.

‘दुरुस्ती’तला ‘रु’ ऱ्हस्व. बाकीच्या सगळ्या दुकानदारांनी दीर्घ लिहिला आहे. ज्याला स्वतःचा धंदा धड लिहिता येत नाही त्याच्या हाती कोण मिश्रक देणार?

(इथे इंग्रजी शब्द आले तर चालतील. रोजनिशी कोणी वाचणार नाही.)

९ एप्रिल, दुपारी १.३०

साइट सुरू! ‘विद्युत-मिश्रक दुरुस्ती’ टाइप करून शोधले. पहिला क्रमांक. पहिल्याच दिवशी. इतका पुढे आहे की दुसऱ्या क्रमांकावर कोणीच नाही.

बायकोला दाखवले. तिने विचारले, असं कोण शोधतं? म्हटले, सुशिक्षित माणूस. ती म्हणाली, सुशिक्षित माणसाचा मिक्सर बंद पडला की तो असा बोलायला लागतो का? मुद्दा लक्षात आला नाही.

१० एप्रिल

संकल्प : दररोज सहा वेळा क्रमांक तपासायचा. सकाळी ७.१०, १०, दुपारी १.३०, ४, ६ आणि ८.४५. दर खेपेला साइट उघडून सगळा मजकूर पुन्हा वाचायचा. ‘आमच्याविषयी’ हे पान चौदाशे शब्दांचे आहे, एखादा अनुस्वार निसटू शकतो.

१३ एप्रिल

साइटवर किती जण येऊन गेले हे दाखवणारा एक तक्ता असतो. आज प्रथमच उघडला. रोज सहा भेटी! दहा तारखेपासून एकही दिवस कमी नाही. कसलीही जाहिरात न करता.

लगेच मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, दुकानात तर कुणी फिरकलं नाही. मी समजावले, माणूस आधी इंटरनेटवर येतो, मग दुकानात. त्याने विचारले, इंटरनेटवरून गल्लीपर्यंत साधारण किती वेळ लागतो, भाऊजी? धंद्यात गांभीर्य हवे ते त्याच्यात नाही.

१५ एप्रिल

तक्त्याचा बारकाईने अभ्यास केला. महत्त्वाचा शोध. या भेटी एकाच गृहस्थांच्या आहेत. राहतात आमच्याच भागात. त्यांचा कॉम्प्युटर माझ्यासारखाच, जुना पण दणकट. वेळा पाहून तर थक्क झालो : ७.१२, १०.०२, १.३२... माझी तपासणी सुरू होते न होते तोच हे हजर. ‘आमच्याविषयी’ शेवटपर्यंत वाचतात. सरासरी अकरा मिनिटे! असे वाचक उरले नाहीत म्हणणाऱ्यांना हा तक्ता दाखवायला हवा.

माझा अंदाज : मध्यमवयीन, शिस्तप्रिय, भाषेची जाण. बहुधा एखाद्या मोठ्या वसतिगृहाचे किंवा संस्थेचे चालक. पदरी पन्नासेक मिश्रक तरी असतील. हे एक गिऱ्हाईक मिळाले की कारखान्याला खुशाल ‘नाही’ कळवता येईल. बायकोला तसे सांगितले. ती म्हणाली, त्याच्याकडे एकच मिक्सर असेल आणि तो ठणठणीत चालू असेल.

१८ एप्रिल

‘नियमित वाचकांस निवेदन’ असे नवे पान लिहिले. आपला संकोच आम्ही जाणतो, तरी एकवार दुकानी पायधूळ झाडावी, वगैरे. ४.०२ ला त्यांनी ते वाचले. दोनदा! दुकानात मात्र आले नाहीत. भिडस्त स्वभाव. मी स्वतःही तसाच आहे, म्हणून कळते.

बारा दिवस उरले. मेहुणा आता कारखान्याच्या गावातल्या शाळांची चौकशी करतो आहे. त्याला म्हटले, घाई करू नकोस, मोठा मासा आहे. तो बरं म्हणाला. त्याच्या ‘बरं’मध्ये दम नव्हता.

२१ एप्रिल

ताप. १०२.४. तपासणी रद्द.

२४ एप्रिल, सकाळी ७.३०

आज उठलो. तक्ता पाहून काळजात धस्स झाले. तीन दिवस भेटी शून्य! मग उलगडा झाला. त्या गृहस्थांनाही तापच आला असणार. साथ आहे. आज ७.१२ ला पुन्हा हजर झाले तेव्हा जिवात जीव आला. निवेदनाखाली ‘प्रकृतीस जपावे’ एवढी ओळ घातली.

मी पडून असताना मेहुणा फळे घेऊन आला होता. पाच मिनिटे टेकला आणि दुकानात कामं तुंबलीत म्हणून पळाला. कसली कामे ते विचारायचे तापात राहून गेले. सामानाची बांधाबांध असावी.

२६ एप्रिल

आता हातघाई. त्या गृहस्थांची खात्री पटेल असे काही हवे. योजना : ‘मिश्रकाचे अंतरंग’, सचित्र. बायको ऑफिसला गेल्यावर घरचा मिक्सर उघडला. एकोणीस फोटो काढले, भागांना क्रमांक दिले, उलट क्रमाने जोडला. एक स्क्रू आणि रबराची एक चकती उरली. कंपनीने जास्तीची बसवली होती असे दिसते. बटण दाबले. आधी आवाज आला, मग वास, मग धूर. मग काहीच आले नाही.

बायकोला सांगितले, विजेचा दाब कमी आहे, दोन दिवस मिक्सर लावू नकोस.

२७ एप्रिल, सकाळी ११

मेहुण्याकडे न्यायची सोय नाही, तो पहिला फोन ताईला करील. तिऱ्हाईत माणूस हवा, आणि बायको घरी यायच्या आत. मोबाइलवर शोधले. काय टाइप केले ते प्रामाणिकपणे नोंदवतो : ‘मिक्सर रिपेर जवळ’. घाई होती.

पहिल्या क्रमांकावर : ‘मिक्सर बंद पडला? लगेच दुरूस्ती.’ रू दीर्घ! खाली बावीस जणांचे अभिप्राय. एकीने लिहिले होते, दादांनी बसल्या बसल्या करून दिला, गल्ली सापडली नाही तर फोन करा, न्यायला येतात.

नंबर ओळखीचा नव्हता. लावला. आवाज जरा जाड केला. मिक्सर बंद पडल्याचे सांगितले. पलीकडून विचारणा : धूर आला का? म्हटले, आला. कुणी उघडला होता का? म्हटले, एका तज्ज्ञाने. पलीकडे पक्कड खाली ठेवल्याचा आवाज. मग म्हणाला, भाऊजी, आवाज कशाला बदलताय, फोनवर तुमचं नाव दिसतंय. नंबर दुकानासाठी नवा घेतलाय. काही उरलं असेल तर टाकू नका, आलोच.

२९ एप्रिल

मिक्सर चालू. खुलासा असा : मी तापात असताना बायकोने ऑफिसातल्या सगळ्या बायकांना विचारले, मिक्सर बिघडला तर तुम्ही काय टाइप कराल? त्यांनी सांगितले तसेच्या तसे, चुकांसकट, दुकानाच्या नावाखाली घातले. इंटरनेटच्या नकाशावर जागा दाखवली, सायकलवाल्याची खूण दिली. जेवणाच्या सुट्टीत. डबा खाऊन उरलेल्या वेळात.

मेहुण्याने आज कारखान्याला ‘नाही’ कळवले. संध्याकाळी तेच सांगायला आला. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मग जरा चाचरत त्याने विचारले, भाऊजी, ती तुमची मोठी साइट... बंद करायची का? म्हटले, अशक्य. एक गृहस्थ दिवसातून सहा वेळा येतात, त्यांना काय वाटेल? तो म्हणाला, किती वाजता येतात? मी सगळ्या वेळा सांगितल्या. तोंडपाठ आहेत.

बायको चहा ओतता ओतता थांबली. बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिले. हसले कोणीच नाही. हसायला हवे होते.

थोड्या वेळाने बायको अगदी हळू म्हणाली, अहो, त्या तक्त्यात आपला स्वतःचा कॉम्प्युटर मोजू नका असं सांगता येतं का?

येते. सेटिंगमध्ये चौकोन असतो. त्यात टिक केली.

३० एप्रिल

७.१२. भेटी : शून्य.
१०.०२. शून्य.

एवढे मन लावून माझे लिखाण वाचणारा माणूस पुन्हा भेटणे नाही.

मेहुणा म्हणाला, दोन्ही हात कामात असतात, फोन घ्यायला कुणीतरी हवं, आणि पत्ता तुमच्याइतका बिनचूक कोण सांगणार, भाऊजी? दुपारपासून दुकानात बसलो. स्टूल डगमगते.

४.०५ ला फोन वाजला. बाई घाईत होत्या. म्हणाल्या, मिक्सर रिपेर का?

योग्य शब्द जिभेवर आला होता. गिळला आणि हो म्हटले.