सतरा नंबरचा मासा

२ मार्च, सकाळ
पीएचडीचं सहावं वर्ष. आजपासून रोजनिशी नियमित. काल चाळीस माशांना टॅग घालून नदीत सोडले. टॅग म्हणजे शेंगदाण्याएवढा ट्रान्समीटर. तो पोटात असलेला मासा जवळ आला की माझा रिसीव्हर नोंद करतो. एक रिसीव्हर धरणावर, एक खालच्या पुलावर. मासे अंडी घालायला वर चढणार, मी मोजणार. जूनमध्ये थिसिस. गाईडबाईंना कळवलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या. पाच वर्षं ‘बरं’च म्हणतात, पण आजचं जरा वेगळं वाटलं.

११ मार्च
एकही नाही. पाणी गार आहे.

१८ मार्च
पाणी तापलं. एकही नाही. धरणाचे दरवाजे सांभाळणारे गेटकाका रोज विचारतात, आले का पाहुणे? शास्त्र म्हणजे काय, हे त्यांना कसं समजावणार. हसून सोडून देतो.
ताईचा फोन. बाबांना दवाखान्यातून घरी आणलंय. उजवा हात उचलता येत नाही, आणि मध्येच माणसं ओळखत नाहीत. ये म्हणाली. ऐन हंगामात कसा जाणार? एप्रिलमध्ये नक्की.

२३ मार्च, दुपारी १२.१०
आला! सतरा नंबर! रिसीव्हरच्या नोंदी आज उतरवल्या : शुक्रवारी सकाळी आठला धरणाशी, संध्याकाळी सहानंतर पुलाशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं वागणं जगात कुणी नोंदवलेलं नाही. जेवण विसरलो. (नंतर जेवलो.)

३० मार्च
काल रविवार. सतरा नंबर दिवसभर पुलाशीच. कारण उघड आहे : रविवारी धरणातून पाणी कमी सोडतात. प्रवाह नाही म्हणून मासा विश्रांती घेतो. चॅप्टर चार सुरू.

७ एप्रिल
सतरा चार दिवस गायब होता. खोल पाण्यात गेला असणार. गेटकाकाही नव्हते, मेव्हणीच्या लग्नाला गेले होते. त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. आज दोघेही परत.

१४ एप्रिल
चॅप्टर चार पूर्ण, सव्वीस पानं. गाईडबाई ‘छान’ म्हणाल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. आनंद व्हायला हवा होता. बहुतेक झाला असेल.
ताईचा फोन उचलला नाही. मेसेज केला : मेमध्ये नक्की.

२१ एप्रिल, सकाळी ८.१५
सतराचा फोटो हवा म्हणून हातातला अँटेना घेऊन धरणावर गेलो. सिग्नल पाण्याकडे कमी, गेटकाकांच्या केबिनकडे जास्त. अँटेना बिघडला म्हणून दोनदा आपटला. तेवढ्यात गेटकाका केबिनमधून बाहेर आले आणि टिकटिक थेट त्यांच्या कमरेतून यायला लागली.
टॅग किल्ल्यांच्या जुडग्यात होता. मार्चमध्ये त्यांनी गळ टाकून मासा पकडला, साफ करताना काकूंना पोटात हा मणी सापडला. मासा चवीला बरा होता, काटे फार, म्हणाले. टॅग पुसून हातात दिला. पुलाशेजारीच त्यांचं घर. रविवारी सुट्टी.
बाकीचे एकोणचाळीस कुठे असतील, हे मी सहज, आवाज न चढवता विचारलं. ते खालच्या ओढ्याला वळतात ना, म्हणाले, तुमचा हाही तिथेच गळाला लागला. धरण झाल्यापासून या बाजूला फिरकतच नाहीत, सगळ्या गावाला माहीत आहे. आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, अहो, तुम्ही विचारलंच नाहीत. मला वाटलं, तुम्हाला हेच हवंय.

२२ एप्रिल
गाईडबाईंना सगळं सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या. चॅप्टर चार डिलीट केला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? हो म्हटलं. मग अकरा तास झोपलो. वाईट वगैरे काही वाटलं नाही.

२५ एप्रिल, घरी
ताईने दार उघडलं. बाबा खिडकीशी खुर्चीत. माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, या जावईबापू, कधी आलात? मी म्हटलं, आत्ताच. ताई आत निघून गेली.
मग त्यांनी विचारलं, आमचे चिरंजीव कुठे असतात, तुम्हाला काही कळतं का?
नदीवर असतात, म्हटलं. फार कामात आहेत.