पदराची गाठ

मंगळवार, संध्याकाळ

जुने कपडे गोळा करायच्या आमच्या केंद्रात आज फोनवर मीच होते. सकाळी चिंध्यांच्या व्यापाऱ्याने येऊन विचारलं, "फाटकं काय असंल तर नेऊ का?" मशिनी पुसायला नेतो तो. न्या म्हटलं. देण्याआधी आम्ही गाठी सोडतो. एका हिरव्या लुगड्याच्या पदराची मी सोडली. आत दोन लवंगा. फेकल्या.

दुपारी बार्शीहून एका बाईंचा फोन. "ताई, आई गेली माजी. तिचं हिरवं लुगडं चुकून तुमच्याकडं आलंय. वाकळ शिवायचीय त्याची."

व्यापारी ते घेऊन केव्हाच गेलेला. तरी मी म्हटलं, बघते. का म्हटलं?

"बघा की. अन् पदराची गाठ तेवढी सोडू नगा. आईनं मारलेली हाय."

बोटांना अजून लवंगेचा वास येतोय.