डावा खांब

किलब्रॅकन, १९ ऑगस्ट १९८४

ती. मॅलकीदादास,
ब्रोनाचा सा. न. वि. वि.

आई बरी आहे, बॉगच्या दलदलीतून कापलेलं सरपण वाळून घरी आलं, आणि आपला फुटबॉल क्लब काउंटीच्या अंतिम सामन्यात पोचला. उपांत्य सामन्यात आपल्या धाकट्या फिंटनने पेनल्टी अडवली, तेव्हा गावाने त्याला खांद्यावरून नाचवलं. आई म्हणते, गोलात तुझ्याहून हा बरा, उंचही आहे आणि बडबडही कमी. राग मानू नकोस.

पण तू स्वतः गोलरक्षक होतास, म्हणून एक विचारते. मे महिन्यात सरावात चेंडूवर झेपावताना फिंटनचं डोकं खांबावर आपटलं. त्याने ते हसण्यावारी नेलं. हल्ली मात्र त्याचा डावा खांदा गोठ्याच्या दाराला लागतो. काल जेवताना मी डावीकडून लोणी पुढे केलं, तर त्याला ते दिसलंच नाही. मैदानात लोर्कन मॅनियन बचावाला, फुलबॅक म्हणून, त्याच्या पुढ्यातच असतो. शाळेपासूनचा त्याचा जिवलग. पूर्वी फिंटन लोर्कनवर ओरडायचा, आता लोर्कनच सारखा त्याला हाका घालतो, डावीकडे, मागे, घे, सोड. मी विचारलं तर फिंटन म्हणाला, तू आपली कुंपणापाशी बसून केक खा.

कोव्हेंट्रीत जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी ब्रोना


कोव्हेंट्री, २७ ऑगस्ट १९८४

चि. ब्रोनास अनेक आशीर्वाद.

आईला सांग, बडबड हा गोलरक्षकाचा अर्धा धंदा आहे. लोकांना वाटतं, उंची आणि फावड्यासारखे पंजे असले की झालं. उंच चेंडू येतो तो एकटा येत नाही, बरोबर चार माणसं आणतो. त्यांच्या कोपरांतून एक गुडघा पुढे काढून उडी घ्यायची, आपला आहे म्हणून ओरडायचं आणि धरायचा, नाहीतर मुठीने उडवायचा. खाली घरंगळला तर समोर बूट येत असताना त्याच्यावर छाती टाकायची. एवढी छाती फिंटनकडे लहानपणापासून आहे, आणि आज मला तिचीच धास्ती वाटते.

कारण बाजूने येणारा माणूस फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. मान वळवायला वेळच नसतो. तो कोपराच गेला असेल, तर उडी कितीही उंच असो, उपयोग नाही. तू एक बघ. डावा खांब कुठे आहे हे पाहायला तो अख्खी मान वळवतो का? वळवत असेल तर त्याला उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. रुसला तर रुसू दे.

तुम्हा दोघांवर जीव टाकणारा,
मॅलकी


किलब्रॅकन, ९ सप्टेंबर १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मान वळवतो. इतकंच नाही, दर वेळी चेंडू बाहेर मारण्याआधी तो जाऊन डाव्या खांबाला हात लावून येतो. लोक म्हणतात, शकुन असेल.

मी त्याला गोठ्यात गाठलं. आधी चिडला, मग बादली उपडी करून तिच्यावर बसला. म्हणाला, डावीकडून पडदा ओढल्यासारखं दिसतं आणि तो पडदा रोज थोडा पुढे येतो. तेवीस तारखेला अंतिम सामना झाला की डॉक्टरकडे जाईन, त्याआधी नाही. बदली गोलरक्षकाचे पंजे लहान आहेत, आणि समोरच्या, तळ्यापलीकडच्या क्लबची पोरं उंच चेंडूंचा मारा करतात. मॅनेजरला सांगायचं नाही अशी शपथही घातली.

लोर्कनला सगळं ठाऊक आहे. प्रार्थना सुटल्यावर चर्चबाहेर भेटला, तर म्हणाला, मी आहे ना त्याचा डावा डोळा, तू कशाला झुरतेस? त्याची बायको डर्व्हला शेजारी बाळगाडी धरून उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

गावाने फाटकंसुद्धा क्लबच्या हिरव्या रंगात रंगवली आहेत. दादा, मी कुणाशी बोलू? पत्राची वाट पाहते, उशीर करू नकोस.
तुझी ब्रोना


कोव्हेंट्री, १५ सप्टेंबर १९८४

चि. ब्रोनास आशीर्वाद.

शपथ मोड. हे पत्र हातात पडताच मॅनेजरच्या दारी जा. गाव शिव्या देईल, त्या माझ्या नावावर जाऊ देत. लोर्कन गुणी आहे, पण बरगडीत दणका बसला की कुणाच्याही घशातून आवाज निघत नाही. मग फिंटन कुणाचं ऐकून उडी मारणार? गावच्या पबच्या फोनवर दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा फिंटन सरावाला गेलेला. सुट्टी मिळाली तर शनिवारची बोट पकडून गावी येतो.

घाबरू नकोस, पण थांबूही नकोस.
तुझा मॅलकीदादा


किलब्रॅकन, २१ ऑक्टोबर १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तारेतून तुला कितीसं कळलं असेल? म्हणून लिहिते.

मी मॅनेजरच्या दारी गेले होते. त्याच्या बायकोने चहा दिला, धुऊन वाळत घातलेल्या जर्सी कौतुकाने दाखवल्या. चहा प्यायले आणि काही न बोलता परत आले.

अंतिम सामन्याची शेवटची मिनिटं होती, आपण पुढे होतो. लोर्कनला नुकताच छातीत धक्का बसला होता. उंच चेंडू डावीकडे आला. वाकलेला लोर्कन उठला, त्याने उडी घेतली, पण त्याची हाक निघाली नाही. आणि ती हाक ऐकण्यासाठी कान लावलेला फिंटन स्वतःही ओरडला नाही. मूठ पुढे करून तो झेपावला. चेंडू उडवलाच, पण त्याच झेपेत मूठ आणि गुडघा दोन्ही लोर्कनला बसले, मूठ कानशिलावर. लोर्कन निपचित पडला होता, आणि चेंडू दूर गेला म्हणून लोक टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या थांबता थांबेनात.

आपण जिंकलो. कप क्लबात आहे, तो पाहायला कुणी जात नाही.

फिंटनच्या डाव्या डोळ्याने आता काही दिसणार नाही. डॉक्टर म्हणाले, ऑगस्टमध्ये आला असता तर गोष्ट वेगळी होती. फिंटनने क्लबच्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून खरं काय ते सांगितलं. लोक एकेक करून उठून गेले. डर्व्हला तेवढी राहिली. ती म्हणाली, लोर्कनने मला सांगितलं होतं, मीही गप्प बसले. मग मला म्हणाली, उद्या इस्पितळात लोर्कनकडे नेशील का, आणि यालाही घे. तेव्हापासून मी दोघांना गाडीतून नेते.

लोर्कन शुद्धीवर आलाय. हाताने खातो, भिंत धरून चालतो, डर्व्हलाला ओळखतो, बाळाचं नाव कधी आठवतं कधी नाही. फिंटनला ओळखत नाही. डर्व्हला रोज सांगते, हा फिंटन, गोलात खेळायचा. लोर्कन रोज परक्या पाहुण्याशी करावं तसं अदबीने हस्तांदोलन करतो आणि विचारतो, कुठला क्लब? फिंटन सांगतो.

काल लोर्कनने आणखी एक विचारलं. तुमचा फुलबॅक कसा आहे? फिंटन म्हणाला, त्याच्यासारखा दुसरा नाही. लोर्कन म्हणाला, मग तुला कसली काळजी?

तुला बोट मिळाली नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. पण आता ये. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी ब्रोना