काठीनं मोजलेली जागा

शनिवार, १२ डिसेंबर १९९८

आज ठरावावर सही केली नाही. गावाबाहेरच्या गायरानात घरांना जागा द्यायची की नाही, हे सरपंच म्हणून मला ठरवायचं होतं. मी 'नाही' म्हणणार होते, फिरत्या मेंढपाळ सदूमामांसाठी. दर हिवाळ्यात त्यांच्या मेंढ्या तिथंच बसतात. घरं झाली तर म्हातारा जाणार कुठं? सभेआधी त्यांना सांगायला गेले, तर ते गायरानात काठी आडवी टाकून मोजत होते.

"काय मोजताय मामा?"

"घर. पाच काठ्या लांब, चार रुंद. आमाला बी मिळंल न्हवं, बाई?"

"आणि मेंढ्या?"

"पोरं न्हाई म्हणत्यात. लई चाललो आमी."

इतकी वर्षं बांधावरून त्यांचा कळप बघतेय. त्यांना काय हवंय, हे एकदा तरी विचारलं होतं का? सभेत अर्जदारांची यादी बघितली. सगळे गावातले, मामांचं नाव नाही. विषय पुढं ढकलला.

ती काठी डोळ्यांपुढून हलेना, म्हणून संध्याकाळी परत गेले. मोजलेल्या जागेच्या चारी कोपऱ्यांवर मामांनी धोंडे ठेवले होते. मेंढ्या बाहेर बसवल्या होत्या. आत एकही नव्हती.