मंजिरीच्या घरी एका दिवसापुरता आलेला सोफा

सन्मित्र जयसिंहराव यांस,

लक्ष्मीकांताचा प्रेमाचा नमस्कार. आपली साखर आणि आपला रुबाब, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो (पहिलीवर निदान गोळी मिळते). एकाच शहरात शिंदे की छावनीहून सिटी सेंटरला पत्र कशाला, असं आपण म्हणाल. माझा आवाज ऐकला की आपला फोन मीटिंगमध्ये जातो. पत्राला ती सोय नाही. इकडे मी आणि पद्मा ठीक आहोत. शाळेत माझ्या संस्कृतच्या वर्गाला अजून मुलं येतात, कारण त्या खोलीतला पंखा चालतो.

विषय आपल्या पुतणसुनेचा. आपला पुतण्या संग्रामसिंह गेल्यापासून मंजिरी ब्लाउज शिवून अंशुल आणि गरिमाला वाढवते आहे, हे आपण जाणताच. गरीब घरातल्या मुलांमागे सरकार दरमहा जो भत्ता देतं, तो यंदा वाढला. पूर्वी तो इतका किरकोळ होता की घेतल्याने गरिबी हटत नसे आणि न घेतल्याने अब्रू वाढत नसे. आता त्यात दोघांचं दूध, शाळेची बस आणि गरिमाचा चष्मा बसतो (पोरगी सध्या फळा ऐकून उतरवते). म्हणून मीच मंजिरीला अर्ज करायला लावला. रक्कम वाढली की तपासणीही वाढते, त्यामुळे रुचिका नावाच्या अधिकारी बाई घर पाहायला येणार, असा निरोप आला.

इथे आमच्या विजयाबाई शिरल्या. आपल्याला आठवत असेल, गल्लीत कुणाकडेही स्थळ बघायला पाहुणे येणार असले की सेनापतिपद त्यांच्याकडे असतं. एका घरचा सोफा, दुसऱ्या घरचे पडदे, तिसऱ्या घरची कपबशी. पाहुणे गेले की तासाभरात सगळं आपापल्या घरी. गल्लीतली निम्मी लग्नं अशी जमली आहेत (आपलंही, पण वहिनींना आता सांगून उपयोग नाही). तेव्हा ‘बाई घर बघायला येणार’ एवढं कानावर पडताच त्यांचे हात सवयीने चालू लागले. मी शाळेतून परतेपर्यंत मंजिरीच्या दीड खोलीत सोफा होता, फ्रिज होता, भिंतीवर कुणाच्या तरी पणज्याची तलवार होती, आणि पद्माच्या माहेरच्या चांदीच्या वाटीत श्रीखंड होतं. मंजिरी कोपऱ्यात उभी होती, कारण तिला स्वतःच्या घरात उभं राहायला तेवढीच जागा उरली होती. ती नको नको म्हणत होती. पण बघण्याच्या कार्यक्रमात नवरीचं कोण ऐकतं?

रुचिकाबाई आल्या, त्या सोफ्यावर बसल्या. विजयाबाईंनी नेहमीचंच सुरू केलं. मुलगी गुणाची, हाताला चव, घराणं सरदारी. मग मान ताठ करून म्हणाल्या, “मॅडम, हमारी मंजिरी को कोई कमी नहीं. इनके काकासाहब सिटी सेंटर में हैं, सब वही देखते हैं.” बाईंनी तेवढं मात्र तत्परतेने लिहून घेतलं. लग्न असतं तर तिथेच ठरलं असतं.

मग मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो आणि खरा प्रकार सांगितला. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, “सर, मेरे कॉलम में सोफ़ा आता है. माँगा हुआ सोफ़ा नहीं आता.” मोठी तर्कशुद्ध बाई. बुधवारी पुन्हा येते म्हणाल्या. तेव्हाही जमलं नाही, तर अर्ज बाद.

विजयाबाईंशी मी त्या संध्याकाळी शास्त्रार्थ केला. त्यांचा पूर्वपक्ष असा, की आपण हात पसरणारी माणसं नव्हे. मी म्हटलं, बाई, आपल्या पूर्वजांनी दुसरं केलं काय? माझे पूर्वज दरबारच्या शिध्यावर आशीर्वाद देत बसले. जयसिंहरावांच्या पणजोबांना घोड्यासाठी दरबारी तनख्याची नेमणूक होती, आणि घोडा मेल्यावरही ती तीन पिढ्या चालली (मेलेल्या घोड्याला इतकी वैरण दुसऱ्या कुठल्या संस्थानात लागली नसेल). त्याला आपण मान म्हणतो, तैलचित्र करून भिंतीवर लावतो. जिवंत पोराच्या दुधासाठी त्याच तिजोरीतून आलं की ती भीक कशी? सिटी सेंटरमधल्या पोराला आणि छावनीतल्या पोराला एकाच उंचीवर उभं करायचं, तर खाली काहीतरी ठेवावं लागणारच, आणि ते सरकारने ठेवावं. कर आपण त्यासाठीच भरतो. विजयाबाईंनी उठून फ्रिज परत न्यायला माणसं बोलावली. यालाच मी सिद्धान्त समजतो. बुधवारचं जमणार, याबद्दल मला शंका नाही.

वहिनींना नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वापरात ठेवावा.

आपला,
लक्ष्मीकांत

ता. क. सामान सगळं परत गेलं. आता अडतं आहे ते विजयाबाईंच्या त्या एका वाक्यापाशी. त्यांचा दोष नाही; गणेशोत्सवात मांडवातल्या माइकवरून आपणच दरवर्षी सांगता, की ‘मंजिरीचं घर मी चालवतो.’ रुचिकाबाईंना आपल्याकडून दोन ओळी लेखी हव्यात, की आपण तिला काहीही पाठवत नाही. मी मंजिरीला विचारून खात्री करून घेतली आहे. असत्य लिहिल्याचं पाप आपल्याला लागणार नाही.

ता. क. २. लिहिताना हात अडखळलाच, तर दुसरा मार्गही आहे. भत्त्याइतकी रक्कम आपणच दरमहा पाठवा, म्हणजे माइक खोटा पडणार नाही आणि सरकारचेही वाचतील.

ता. क. ३. हे दोन्ही मार्ग मंजिरीच्या कानावर घातले. ती मशीन न थांबवता म्हणाली, “भत्ताच बरा, सर. सरकार निदान घर बघायला तरी येतं.”